सळई, सोनं आणि न विचारलेले प्रश्न

रायपुरात कुठूनही या, बिलासपूरकडून, धमतरीकडून किंवा नागपूरहून दुर्गमार्गे, शहर लागायच्या आधी सळयांच्या जाहिराती लागतात. रस्त्याकडेच्या घरांच्या भिंती, ढाब्यांच्या पाट्या, चौकातली होर्डिंग्ज, जिकडेतिकडे टीएमटी सरिया. दंड फुगवलेला कुणी नट, त्याच्या मुठीत न वाकणारी सळई आणि खाली पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या मजबुतीची ग्वाही. महाराष्ट्रातून पहिल्यांदा आलेले पाहुणे हमखास विचारतात की साबण-शांपूच्या जाहिराती समजतात, पण लोखंडाच्या जाहिराती सामान्य माणसाला दाखवून काय मिळतं?

रास्त प्रश्न आहे. निम्मं उत्तर शहराच्या कडेलाच सापडतं. उरला आणि सिलतरा या औद्योगिक भागांत स्पंज आयर्नचे कारखाने, इंडक्शन भट्ट्या आणि रोलिंग मिल दाटीवाटीने उभ्या आहेत. बरेच कारखाने एकाच मानकाची, जवळपास सारखीच वस्तू तयार करतात, त्यामुळे वेगळेपण दाखवायचं ते नावात आणि चेहऱ्यात. उरलेलं निम्मं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सळई विकत घेतली की थोड्याच दिवसांत ती कायमची दिसेनाशी होते. कॉलम भरला, स्लॅब पडला, की ती काँक्रीटच्या पोटात. घरमालक त्या छताखाली तीस वर्षं झोपतो, पण आपण घेतलेला माल चांगला होता की हलका, हे त्याला कधीच कळत नाही. वापरूनसुद्धा ज्यांचा दर्जा गिऱ्हाइकाला पारखता येत नाही अशा वस्तू आणि सेवांचा वेगळा विचार मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडला. त्यांच्यासमोर दुरुस्तीची कामं आणि वैद्यकीय सल्ला ही उदाहरणं होती. सळई त्याच जातीची.

जाहिरात हाव जागवते, असं आपल्याकडे नेहमी म्हटलं जातं. ते खोटं नाही. पण रायपूरच्या भिंती वर्षानुवर्षं वाचत आल्यावर माझं मत असं झालं आहे की जाहिरातीचं खरं मोठं काम शंका शमवण्याचं असतं. गिऱ्हाइकाच्या मनात जो प्रश्न यायला हवा, तो यायच्या आतच ती दुसऱ्याच एखाद्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हातात ठेवते.

सळईचंच पाहू. टीएमटी सळई तयार होताना लालबुंद लोखंडावर जोराने पाणी मारतात. त्यामुळे बाहेरचं कवच कठीण होतं आणि आतला गाभा मऊ, लवचिक राहतो. भूकंपात इमारत वाचते ती या गाभ्यामुळे, कारण सळई तुटण्याआधी ताणली जाते, वाकते आणि माणसांना बाहेर पडायला वेळ देते. आयएस १७८६ या भारतीय मानकात ५०० प्रतीच्या सळईने तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के लांबावं अशी अट आहे. ‘५०० डी’ प्रतीला हीच अट १६ टक्के. तो ‘डी’ डक्टिलिटीचा, म्हणजे न तुटता ताणलं जाण्याच्या गुणाचा आहे. आता पुन्हा जाहिरातीकडे पाहा. चित्रातली सळई कधी वाकताना दिसते? मजबुती म्हणजे न वाकणं, ही आपल्या डोळ्यांची समजूत. अभियंत्याला हवी असते ती नेमकी याच्या उलट गोष्ट. जाहिरातदार समजुतीच्या बाजूने उभा राहतो, कारण ती आधीच आपल्या डोक्यात असते आणि शिकवावी लागत नाही. चित्रात खोटं काहीच नाही. फक्त ‘किती ताणली जाते?’ हा प्रश्न ‘किती कडक आहे?’ या प्रश्नामागे झाकला गेला.

दुसरा प्रश्न वजनाचा. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला साधारण ८८९ ग्रॅम भरते, म्हणजे बारा मीटरचा अख्खा नग साधारण पावणेअकरा किलोच्या आत-बाहेर. मानकात थोडी कमी-जास्त चालते. पण नगावर माल घेतला आणि तो बराच हलका निघाला, तर तेवढं लोखंड घराला मिळालंच नाही. ही परीक्षा कुणालाही करता येते. वजनकाटा दुकानातच असतो. तरी बांधकाम साहित्याच्या दुकानात तासभर उभं राहिलं तर बहुतेक गिऱ्हाइकं नाव विचारताना आणि भाव विचारताना दिसतात. सळई काट्यावर ठेवायला सांगणारा क्वचितच दिसतो. नाव ओळखीचं निघालं की माणूस निश्चिंत होतो.

ही ओळख तयार कशी होते, याचा एक प्रयोग मला सारखा आठवतो. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली मांडलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. त्याने आणि डोनाल्ड रायेकी यांनी ते प्रयोगशाळेबाहेर तपासलं आणि तो प्रयोग पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. मिशिगनमधल्या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थी वृत्तपत्रांत त्यांनी जाहिरातीसारख्या चौकटीत तुर्की वाटतील असे अनोळखी शब्द छापले. अर्थ नाही, खुलासा नाही, कुणी छापले तेही नाही. काही शब्द एकदाच आले, काही पुन्हापुन्हा. नंतर वाचकांना विचारलं की या शब्दांचा अर्थ चांगला असेल की वाईट? जे शब्द जास्त वेळा दिसले होते, त्यांचा अर्थ चांगलाच असणार, असं लोकांना वाटलं. बिलासपूर रस्त्यावरची भिंतही हेच करते. रोज बसमधून जाणाऱ्या माणसाने ती जाणीवपूर्वक कधी वाचलेली नसते. पाच वर्षांनी तो घर बांधायला काढतो आणि दुकानात तेच नाव त्याच्या तोंडी येतं.

हे सांगताना एक सावधगिरी बाळगायला हवी. जाहिरातदार आपल्या डोक्यात शिरून कळ फिरवतात, अशी भीती फार जुनी आहे आणि ती त्यांच्याच फायद्याची आहे. १९५७ साली अमेरिकेत जेम्स व्हायकरी या बाजार-संशोधकाने दावा केला की सिनेमाच्या पडद्यावर डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने संदेश चमकवून त्याने पॉपकॉर्न आणि कोका-कोलाची विक्री वाढवली. जगभर खळबळ उडाली. १९६२ मध्ये त्यानेच कबूल केलं की त्या दाव्यामागे धड प्रयोग नव्हता. तरी ती गोष्ट आजही लोक खरी म्हणून सांगतात. छुप्या जादूवर विश्वास ठेवला की उघड्यावर चाललेल्या गोष्टींकडे लक्ष जात नाही. भिंतीवरच्या अक्षरांत लपलेलं काहीच नसतं.

भिंतीपेक्षा प्रभावी माध्यम म्हणजे मिस्त्री. छोट्या गावात घर बांधणारा माणूस अभियंता नेमत नाही, तो मिस्त्रीवर विसंबतो. हे कंपन्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून सिमेंट आणि सळईवाले मिस्त्र्यांचे मेळावे भरवतात, जेवण देतात, गोण्यांच्या हिशेबाने गुण आणि भेटवस्तू देतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात अधिकारी माणसाच्या शब्दाचं वजन सविस्तर उलगडलं आहे. इथे ते वजन एका साध्या वाक्यात उतरतं, ‘तोच माल आणा, चांगला आहे.’ मिस्त्री लबाड असतो असं मी म्हणत नाही. बहुतेकदा त्याला माल खरोखर बरा वाटतो, कारण मेळाव्यात त्याला तसंच सांगितलेलं असतं. पण तो सल्ला देतोय की जाहिरात करतोय, हे घरमालकाला कळायला काहीच मार्ग नाही.

आणि हे सगळं कुणाच्या पैशावर चाललंय? छत्तीसगडमध्ये सरकार शेतकऱ्याकडून एकरी २१ क्विंटलपर्यंत धान क्विंटलला ३१०० रुपये दराने घेतं. एका एकरामागे ६५ हजारांहून जास्त रक्कम. खरेदी नोव्हेंबरात सुरू होते आणि जानेवारीपर्यंत चालते. आधारभूत किमतीवरची फरकाची रक्कम नंतर एकदम खात्यात पडते. महिन्याचा पगार आणि एकरकमी आलेला पैसा माणूस एकाच खिशातले मानत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. पगारातून हजार रुपये काढताना हात आखडतो. धानाच्या पैशातून मोटरसायकल घेताना तोच हात सैल सुटतो. रायपूरच्या जाहिरातींचा हंगाम या खात्यांकडे बघून ठरतो. आधी दिवाळी, मग लग्नसराई, दुचाकी, ट्रॅक्टर आणि घराचं काम. वर्षभर पाण्यात उभं राहून मिळवलेला तो पैसा आहे. त्याच्यावर इतक्या दिशांनी एकदम नेम धरला जातो, हे पाहून मला फार वाईट वाटतं.

सोन्याकडे वळतो, कारण तिथे कॅलेंडरच कामाला लावलं जातं. आपण मराठी माणसं साडेतीन मुहूर्त पाळत आलो. तात्यापाऱ्यातल्या आणि चौबे कॉलनीतल्या मराठी घरांनी इथे राहून त्यात धनतेरस आणि दिवाळीआधीचं पुष्य नक्षत्रही घेतलं. पुष्याच्या आदल्या दिवशी रायपूरच्या हिंदी दैनिकांची पानं भरून जातात. सदर बाजारातल्या सराफांच्या जाहिराती, कोणत्या प्रहरात सोनं, कोणत्या प्रहरात वाहन, घर, भांडी याचे तक्ते, आणि शेजारीच ‘महासंयोग’ सांगणाऱ्या बातम्या. कुठे बातमी संपली आणि कुठे जाहिरात सुरू झाली, हे ओळखणं कठीण. चंद्र सुमारे सव्वासत्तावीस दिवसांत नक्षत्रांची फेरी पूर्ण करतो. म्हणजे पुष्य नक्षत्र वर्षातून तेरा-चौदा वेळा येतं. गुरुवारी किंवा रविवारी आलं तर त्याचं महत्त्व अधिक, हे परंपरेत आहेच. पण जाहिरात त्या दिवसाला दुर्मीळ करते आणि ‘घ्यावं की नाही?’ या प्रश्नाच्या जागी ‘किती वाजता घ्यावं?’ हा प्रश्न आणून ठेवते. घरात श्रद्धा आहे, म्हणून तो दुसरा प्रश्न स्वाभाविक वाटतो.

अक्षय तृतीयेचं तर फारच झालं. छत्तीसगडची अक्ती म्हणजे मुलींनी मातीच्या पुतरा-पुतरीची लग्नं लावायचा दिवस, ठाकूरदेवापुढे बियाणं नेऊन शेतीचं वर्ष सुरू करायचा दिवस. आपल्याकडे पितरांसाठी पाण्याने भरलेला करा आणि आमरस. दोन्हीकडे दिवस देण्याचा आणि पेरण्याचा. आता त्या सकाळी वर्तमानपत्राचं पहिलं पान उघडलं की हार दिसतो. पेरणीचा उल्लेख शोधावा लागतो. सोनं घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. अडल्यावेळी स्त्रीच्या हाताशी असणारी ती एकमेव मालमत्ता असते, हे मी घरोघरी पाहिलं आहे. पण घेताना डोकं शांत हवं.

कारण सराफाच्या जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा बहुधा घडणावळीवरच्या सवलतीचा असतो. ‘घडणावळीवर ५० टक्के सूट.’ पण मूळ घडणावळ किती टक्के? ती त्या पानावर नसते. १९७४ साली अमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी लिहिलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांसमोर एक चक्र फिरवायचं, ते १० वर किंवा ६५ वर थांबेल असं आधीच बसवलेलं. मग विचारायचं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राच्या आकड्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता. पहिला आकडा मनाला खुंटीसारखा धरून ठेवतो. ५० टक्के हा असाच आकडा. त्याच्या भोवती फिरताना निव्वळ वजन, त्या दिवसाचा भाव, खड्यांचं वजन सोन्यात मोजलं की नाही आणि तीन टक्के जीएसटी हे सारं विचारायचं राहून जातं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी असणं बंधनकारक आहे आणि मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर ती तिथल्या तिथे तपासता येते. अर्ध्या मिनिटाचं काम. गर्दी, मुहूर्त आणि ‘स्टॉक संपतोय’ या तिन्हींमुळे ते अर्धं मिनिट मिळत नाही.

फोनवर हाच खेळ जास्त वेगाने चालतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई, टोपलीत गुपचूप घातलेली वस्तू, नको म्हणणाऱ्याला लाजवणारी भाषा, शेवटच्या पायरीवर वाढणारी किंमत. यादी वाचताना प्रत्येक ओळीला सदर बाजारातली एखादी जुनी युक्ती आठवते.

हा लेख दिवाळी अंकात येतो आहे आणि दिवाळी अंक जाहिरातींवर उभा असतो, हे लपवून हे लिहिणं बरं नव्हे. १९०० साली जानेवारीत माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगड मित्र’ काढलं. घरात मराठी बोलणारे, पुढे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे सप्रे. मासिक दर्जेदार होतं, तरी तीन वर्षांत तोट्यामुळे बंद पडलं. छापील शब्दाचा खर्च कुणीतरी उचलावाच लागतो. वाचक पूर्ण उचलत नाही, म्हणून जाहिरातदार उचलतो. जाहिरात छापल्याबद्दल मी कुणा संपादकाला दोष देणार नाही. बातमीच्या वेशात जाहिरात छापली तर मात्र देईन.

कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत, आणि जाहिरातीत झळकणाऱ्या चेहऱ्यालाही त्यात ओढता येतं. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. पण न वाकणाऱ्या सळईचं चित्र दिशाभूल आहे, हे कुठल्या कलमात बसवणार? म्हणून माझी मागणी दंडाची नाही, मजकुराची आहे. सळईच्या जाहिरातीत प्रत, तुटण्याआधीचं लांबणं आणि दर मीटरचं वजन हे तीन आकडे कंपनीच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत असावेत, होर्डिंगवरही आणि भिंतीवरही. सोन्याच्या जाहिरातीत दहा ग्रॅमच्या साध्या साखळीची सगळे कर आणि घडणावळ धरून हातात पडणारी किंमत असावी. मिस्त्री मेळाव्यातल्या भेटींची यादी त्या कंपनीच्या प्रत्येक विक्रेत्याच्या दुकानात लावलेली असावी. रायपूरच्या दैनिकांनी आणि आपल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांनी, ज्यांच्या स्मरणिका याच जाहिरातदारांच्या पानांवर निघतात, पान विकताना एवढी अट घातली तरी सुरुवात होईल. पुढच्या धानखरेदीला अजून वेळ आहे.