मुत्सद्द्याचे धोरण नागरिकाने का पाळावे?

जून 1817 मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दुसऱ्या बाजीरावाला पुण्याचा तह करायला लावला आणि उत्तर कोकण ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत 1739 साली पोर्तुगीजांकडून घेतलेले आपले केळवे-माहीमही त्यात गेले. सारा घेणारा बदलला; रिवाज मात्र तसेच राहिले. हे आपोआप घडले नाही, ते ठरवून आखलेले धोरण होते.

एल्फिन्स्टन अभ्यासू होता. 1811 पासून पुण्यात कंपनीचा रेसिडेंट राहून त्याने दरबाराची नाडी ओळखली होती. 11 फेब्रुवारी 1818 च्या जाहीरनाम्यात त्याने वतने, इनामे आणि देवस्थानांची उत्पन्ने चालू ठेवण्याचे अभय दिले. 1819 ते 1827 या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता. 1821 मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात पाठशाळा उघडली, ती ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशांतून आणि संस्कृत विद्येसाठी. हलक्या मानलेल्या जातींची मुले मिशनऱ्यांकडे उत्तम शिकतात, हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. तरीही त्यांना खास उत्तेजन देऊ नये, नाहीतर वरचे वर्ग शिक्षणापासून दूर राहतील, असाच त्याचा सल्ला होता. मुंबई इलाख्यात सतीबंदी झाली 1830 मध्ये, तो गेल्यानंतर.

त्याने शिक्षणाचा पाया घातला, हे मी नाकारत नाही. परक्या राज्यकर्त्याला बंडाचे भय होते, हेही समजते. पण त्याने जपल्या त्या बंड करू शकणाऱ्यांच्या भावना. किंमत मोजली ती दरबारात ज्यांना तोंड नव्हते त्यांनी.

आता आपल्या माहीमच्या पानवेलींकडे या. पाळीच्या दिवसांत बाईने वाडीत पाऊल टाकू नये, विटाळाने वेल करपते, हा समज जुना आहे. वेल मरते ती मुळाशी पाणी तुंबून, बुरशी लागून. त्यावर उपाय निचऱ्याचा आणि बोर्डो मिश्रणाचा. हे ठाऊक असलेला शिकलेला माणूसही म्हणतो, ‘माझा विश्वास नाही, पण वडीलधाऱ्यांचे मन कशाला मोडा?’ हे एल्फिन्स्टनचेच धोरण आहे. त्याला राज्य टिकवायचे होते. तुम्हाला काय टिकवायचे आहे? दाराशी थांबलेल्या बाईचा मात्र रोज बुडतो, आणि आपण अपवित्र आहोत हे तिला दर महिन्याला नव्याने ऐकावे लागते.

‘सुधारणा हळूहळू व्हावी’, असा आक्षेप येईल. एल्फिन्स्टनने मुंबई सोडली त्याच 1827 साली जोतीराव फुले जन्मले. वरच्यांना शिकवले की विद्या आपसूक खाली झिरपेल, यावर विसंबून ते बसले नाहीत. 1848 मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, आणि 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सामान्य रयतेच्या शिक्षणाची मागणी मांडली. ‘हळूहळू’ म्हणणाऱ्याने एवढेच सांगावे की तोवरचे सोसणे कुणाच्या वाट्याला येणार. ते स्वतःच्या वाट्याला येणार नसेल, तर त्याला संयम म्हणता येत नाही. ती दुसऱ्याच्या जिवावर मिळवलेली शांतता आहे.

उद्या सकाळी अशी बाई पानवेलींच्या वाडीच्या दाराशी थांबली, तर तिला आत बोलवा. वेलीचे काय होते ते चार दिवसांत डोळ्यांनी पाहा. तिचा रोज मात्र त्याच संध्याकाळी तिच्या हातात पडलेला असेल.