बाहुलीची बाजू

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मन्रो नावाचं गाव आहे. तिथल्या एका खासगी संग्रहालयात एक बाहुली वर्षानुवर्षं काचेच्या पेटीत बंद होती. पेटी मुळीच उघडू नका, अशी ताकीद बाहेर लिहिलेली होती. भुताखेतांचा माग काढणाऱ्या एड आणि लोरेन वॉरन या दांपत्याने ती तिथे ठेवली होती. तिचं नाव ॲनाबेल. 2013 सालच्या 'द कॉन्ज्युरिंग'मध्ये ती पडद्यावर आली, पुढच्याच वर्षी तिच्या नावाचा स्वतंत्र सिनेमा निघाला आणि जगभरच्या पोरासोरांना तिचा चेहरा पाठ झाला. पण तो चेहरा तिचा नाहीच. सिनेमातली बाहुली चिनी मातीची वाटावी अशी, फिकट, डोळे वटारून बघणारी. पेटीतली बाहुली साधी चिंध्यांची. लाल लोकरीचे केस, त्रिकोणी नाक, काळेभोर गोल डोळे, ओठांवर हसू. अमेरिकेत हिला रॅगडी ॲन म्हणतात, आणि तिथल्या कितीतरी मुली तिला कुशीत घेऊन झोपत मोठ्या झाल्या आहेत.

जॉनी ग्रुएल या व्यंगचित्रकाराने 1915 साली या बाहुलीच्या रूपाचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी त्याची लेक मार्सेला वारली. ती 13 वर्षांची होती. 1918 मध्ये त्याने रॅगडी ॲनच्या गोष्टींचं पुस्तक काढलं, तेव्हा बाहुलीच्या छोट्या मालकिणीचं नाव त्याने मार्सेलाच ठेवलं. पुढे ही बाहुली दुकानात मिळू लागली, तरी असंख्य आयांनी आणि आज्यांनी कागदी नमुन्यावर कापड बेतून ती घरीच शिवली. फ्रॉक वर केला की तिच्या छातीवर एक लाल बदाम दिसतो आणि त्यात शब्द असतात, 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. लेक गमावलेल्या बापाच्या हातून जगापुढे आलेली ही बाहुली. आज एखाद्या संग्राहकाने ती कपाटातून काढून पाहुण्यांना दाखवली, तर पाहुणे एक पाऊल मागे सरतात आणि म्हणतात, "ही ती ॲनाबेल ना?"

बाहुल्या जमवणाऱ्यांना हे मनाला लागतं. मीही जमवते, म्हणून सांगते. "रात्री घरात एकटीला भीती नाही वाटत?" हा प्रश्न माझ्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण तो प्रश्न आला की समोरच्या बाहुलीबद्दल जे सांगायचं असतं, ते सगळं घशातच राहतं.

काय सांगायचं असतं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या थुरिंगिया भागात गावंच्या गावं बाहुल्यांवर जगत होती. एका गावात डोकी घडायची, दुसऱ्या गावात काचेचे डोळे फुंकले जायचे, घराघरांतून बायका-मुलं कपडे शिवायची. डोकं चिनी मातीचं असलं तरी त्याला झिलई चढवत नसत. म्हणून ते चकाकत नाही, माणसाच्या कातडीसारखं मवाळ दिसतं. पापण्या कुंचल्याने काढलेल्या, एकेक केस वेगळा. डोळे मिटणाऱ्या बाहुलीच्या डोक्यात काचेचे दोन डोळे एका तारेला जोडलेले असतात आणि तारेखाली शिशाचं वजन लोंबत असतं. बाहुलीला आडवं केलं की वजन झुलतं आणि डोळे मिटतात. इतकीच ती करामत. शंभर वर्षांनी आतलं प्लास्टर सैल होतं, धूळ बसते, मग एक डोळा मिटतो आणि दुसरा अर्धवट उघडा राहतो. दुरुस्ती करणाऱ्याला ते वजन कुठे अडकलंय, हे लगेच कळतं. सिनेमा त्याच डोळ्यावर कॅमेरा नेतो, पार्श्वसंगीत वाढवतो आणि प्रेक्षकाला सांगतो, बघ, ती जागी आहे.

जुनं डोकं विकत घेताना जाणकार एक गोष्ट आवर्जून करतात. केसांचा टोप हळूच सोडवतात, खालचं पुठ्ठ्याचं किंवा बुचाचं झाकण काढतात आणि खोलीत अंधार करून डोक्याच्या आत छोटी विजेरी धरतात. चेहरा आतून उजळतो. कपाळ, गाल, हनुवटी, सगळं मंद गुलाबी होतं. त्या उजेडात केसाएवढा बारीक तडाही काळी रेघ होऊन समोर येतो. भयपटाच्या दिग्दर्शकाला हे दृश्य आयतंच मिळालं असतं. पण विजेरी धरणाऱ्याचा जीव त्या वेळी वेगळ्याच काळजीत असतो. तडा नवा आहे की जुना, तो डोळ्यापर्यंत गेलाय का, प्रवासात वाढेल का, एवढंच तो बघत असतो. दवाखान्यात मुलाचा एक्स-रे दिव्यासमोर धरणाऱ्या आईची नजर असते, तशी ती नजर असते.

भयपट ज्या खुणांनी माणसाला घाबरवतात, त्याच खुणांवर बाहुल्या जमवणाऱ्याचा जीव असतो. गालाचा रंग उडालेला का? कुणीतरी पापे घेऊन घेऊन उडवला. एका बाजूचे केस वेडेवाकडे कापलेले का? ते पुन्हा वाढतील, असं पाच वर्षांच्या मालकिणीला वाटलं म्हणून. माझ्याकडे भुसा आणि सरस यांच्या लगद्यापासून केलेली एक बाहुली आहे. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं झिजून गेलीत आणि त्यांवर बारीक दातांचे ठसे आहेत. दात येत असलेल्या कुण्या बाळाने ती चघळली. ते बाळ आज असलंच तर पणजी झालं असेल. तिचा चेहराही बारीक भेगांनी भरलाय, कारण हा लगदा दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आखडतो आणि वरच्या रंगाला ते सोसत नाही. पडद्यावर हीच झीज, ह्याच भेगा शापाची खूण होतात. नवी कोरी, डब्यातून न काढलेली बाहुली फारसं कुणाला घाबरवत नाही. जिच्याशी कुणी मनापासून खेळलं, तिचीच भीती वाटायला लावतात. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

शिवाय या सिनेमांच्या गोष्टी नीट पाहिल्या, तर त्यांत बाहुलीचा अपराध कुठेच नसतो. 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये चार्ल्स ली रे नावाचा खुनी खेळण्यांच्या दुकानात गोळी लागून मरता मरता मंत्र म्हणतो आणि बाहुल्यात शिरतो. तोच पुढे चकी. आपल्याकडे 1993 मध्ये महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'मध्ये तात्या विंचूनेही तेच केलं. दुष्टपणा माणसाचा, बदनामी बाहुल्याची. वॉरन दांपत्यसुद्धा म्हणत असे की भुतं वस्तूंना झपाटत नाहीत, एक दुष्ट शक्ती त्या बाहुलीला हाताशी धरून खेळ करते. म्हणजे त्यांच्या लेखीही ती चिंध्यांची पोर निर्दोष होती. तरी पेटीत बंद झाली ती तीच.

तात्या विंचूबद्दल मात्र मराठी माणसाच्या मनात राग नाही. माझ्याही नाही. त्याचा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला. ज्या घरात वडील य. के. पाध्ये यांचा बोलका बाहुला अर्धवटराव शंभरी ओलांडून अजून रंगमंचावर बोलतो, त्याच घरातला हा दुसरा मुलगा म्हणायचा. लक्ष्मीकांत बेर्डे समोर उभे राहून त्या बाहुल्याला घाबरत, तेव्हा आपण पोरं खुर्चीत पाय वर घेऊन बसायचो आणि त्याच क्षणी हसायचोही. बाहुला कुणीतरी हाताने केलाय, त्याच्या जबड्यामागे एक कलावंत आहे, हे आपल्याला ठाऊक होतं. चकीच्या बाबतीतही तसंच. केविन येगर यांनी घडवलेल्या त्या यांत्रिक बाहुल्याच्या भुवया आणि ओठ हलवायला माणसं राबत होती, आणि म्हणूनच तो अजून जिवंत वाटतो. त्या चकीची हुबेहूब प्रत कपाटात मानाने ठेवणारे संग्राहक पुष्कळ आहेत. त्यांनाही मी आमच्यातलेच मानते. घडवणाऱ्या हाताचं कौतुक असलं की भीतीही मानाने वागते.

आपल्या समाजात बाहुलीची भीती सिनेमाने आणलेली नाही, हेही कबूल करायला हवं. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगवलेली ठकी मांडीवर घेऊन खेळणारी मुलगी आणि दारावर काळी बाहुली टांगणारे तिचे वडील एकाच घरात राहत होते. चव्हाट्यावर टाचण्या टोचलेली बाहुली दिसली की अख्ख्या गल्लीची झोप उडायची, अजूनही उडते. करणी-भानामतीच्या या भयातून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली आहेत, आणि त्यासाठी आपल्या राज्याला 2013 मध्ये कायदा करावा लागला. अशा मातीत बाहुली सैतानी असते, असं पुन्हा पुन्हा दाखवणं मला निव्वळ करमणूक वाटत नाही. याउलट जपानमध्ये अनेक लोक जुन्या बाहुल्या टाकून देत नाहीत, देवळात आणून पोचवतात. वाकायामा प्रांतातल्या आवाशिमा देवळात अशा हजारो बाहुल्या दाटीने बसलेल्या आहेत, आणि दर 3 मार्चला काही बाहुल्या होडीत बसवून समुद्रात सोडतात. इतकी वर्षं सोबत केलीस, आभारी आहोत, असा तो निरोप असतो. बाहेरून येणाऱ्या हौशी प्रवाशांनी मात्र त्या देवळालाही 'झपाटलेलं' ठरवून टाकलंय.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बाजारात. जुन्या बाहुल्या आता 'झपाटलेली' अशी चिठ्ठी लावून ऑनलाइन विकल्या जातात. सोबत एक रचलेली कहाणी असते: रात्री पावलं वाजतात, दिवा विझतो, आधीच्या मालकिणीचं अमुक झालं. भाव वाढतो. पण जी खरी मालकीण होती, जिने हिचं नाव ठेवलं, जिच्या आजीने हिच्यासाठी जुन्या लुगड्याच्या काठाचं परकर-पोलकं शिवलं, तिची गोष्ट कायमची पुसली जाते. वस्तूचा इतिहास एकदा हरवला की परत मिळत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत भूत सहज शिरतं.

म्हणून एक विनंती आहे. घरातल्या ट्रंकेत, माळ्यावर, एखादी जुनी बाहुली असेल, कापडाची, लाकडाची, सेल्युलॉइडची, कसलीही, तर ती उतरवा. घरातलं सगळ्यात मोठं माणूस हयात असेल तर त्यांच्यासमोर धरा आणि विचारा, ही कुणाची, हिचं नाव काय होतं, कपडे कुणी शिवले, लग्न कुणाच्या बाहुल्याशी लागलं होतं. जे सांगतील ते एका पांढऱ्या सुती पट्टीवर पेन्सिलीने लिहा आणि पट्टी बाहुलीच्या मनगटाला सैल बांधा. पेनाने लिहू नका, दमट हवेत शाई कापडात उतरते. तिला प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. उडालेला रंग नव्याने लावायचा मोह टाळा. आणि पट्टीवर मालकिणीचं लाडाचं नाव लिहिलंत, तर खाली तिचं पूर्ण नावही लिहा. पन्नास वर्षांनी पट्टी वाचणाऱ्याला 'बेबी' म्हणजे कोण, हे कळायला दुसरा मार्ग नसेल.