पाचांतला एक वाटा

साखर वाढली की लोक गोड सोडायला सांगतात, गुडघा धरला की तेल चोळायला सांगतात. बीपी वाढलं की मात्र माणसाच्या स्वभावाची चौकशी सुरू होते. "टेन्शन फार घेता तुम्ही." "चिडणं कमी करा." "मनाला आवर घाला." सांगणारे आपलेच असतात आणि प्रेमानंच सांगतात. पण त्या सांगण्यात एक निवाडा दडलेला असतो: दाब उतरत नाही, म्हणजे तुमचंच काहीतरी चुकतंय.

परळीच्या औष्णिक वीज केंद्रात माझी नोकरी झाली, बॉयलरच्या बाजूला. तिथं दाबाचा काटा वर सरकला तर बॉयलरच्या शीलाबद्दल कुणी बोलत नसे. कोळसा कसा आहे, पाणी किती जातंय, व्हॉल्व्ह उचलतोय का, ते बघायचं आणि लॉगबुकात लिहायचं. निवृत्तीनंतर माझ्या स्वतःच्या दंडाला पट्टा लागला, तेव्हा आमच्या लोकांची रीत वेगळी असल्याचं ध्यानात आलं.

माझा दाब दाद न देणाऱ्यांतला. वेगवेगळ्या तऱ्हेच्या तीन गोळ्या, त्यांत एक लघवी वाढवणारी, पुरेशा मात्रेत आणि नेमानं घेऊनही आकडा 140/90 च्या खाली येत नसेल, तर डॉक्टर त्याला रेझिस्टंट हायपरटेन्शन म्हणतात. तसं म्हणण्याआधी ते खातरजमा करतात: गोळ्या खरंच पोटात जातात का, पट्टा दंडाच्या मापाचा आहे का, दवाखान्यात आल्यावरच दाब चढतो का, किडनीत किंवा ग्रंथींत काही दडलंय का. एवढं करूनही काही माणसं उरतातच. मी त्यांतला. मग चौथी गोळी येते.

आमच्या गावच्या सप्ताहात, काल्याच्या प्रसादानंतर, मी कीर्तनकार महाराजांपाशी बसलो होतो. माझी पुतणी फिजिओथेरपिस्ट आहे. मानदुखीसाठी विजेचे हलके झटके देणारं तिचं टेन्सचं यंत्र महाराजांनी स्वतः अनुभवलेलं. तसल्याच विजेनं नसा चेतवून दाब उतरवण्याचे प्रयोग चालू आहेत, असं मी सांगितलं, तर ते म्हणाले, "अण्णा, बटणानं आलेली शांती ती काय शांती? वीज गेली की शांतीही गेली. नामाचं तसं नाही." भोवतीच्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडे वीज जाण्याचा अनुभव सगळ्यांनाच आहे.

प्रश्न मात्र वरवरचा नव्हता, म्हणून त्याचा छडा लावायचं ठरवलं.

गळ्याच्या दोन्ही बाजूंना, जबड्याखाली, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला फाटा फुटतो. तिथं धमनीच्या भिंतीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं आहेत. दाब वाढला की भिंत ताणते, मेंदूला वर्दी जाते. मेंदू हृदयाला सावकाश चालायला लावतो आणि रक्तवाहिन्या सैल सोडतो. दाबाची नोंद घेणाऱ्या या यंत्रणेचा श्वसनाशी संबंध उलगडल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेल हेमान्स यांना 1938 चं नोबेल मिळालं. हृदयाला सावकाश करणारी नस ती व्हेगस. 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाची ही नस विजेनं चेतवली, त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं. माझ्या देहात हे सारं चोवीस तास चालू असतं आणि त्यात माझं मत कुणी विचारत नाही. मी झोपलो तरी चालतं, मी अभंग म्हणत असलो तरी चालतं.

याच वाटेनं डॉक्टर पुढं गेले. गळ्यातल्या त्या जागेला तार जोडायची आणि कॉलरबोनच्या खाली कातडीत छोटं यंत्र बसवायचं, असा रेऑस नावाच्या उपकरणाचा मोठा प्रयोग 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. 265 रुग्ण होते. बऱ्याच जणांचा दाब उतरला, पण आधी ठरवलेल्या सगळ्या कसोट्या काही पार झाल्या नाहीत. कानाच्या पाळीच्या वरच्या खोलगट भागात व्हेगसची एक फांदी कातडीपर्यंत येते; तिथं चिमटा लावून वीज देण्याचे छोटे प्रयोगही झालेत. हे कळताच आमच्या नात्यातल्या एका शहाण्यानं मोबाइलवर पाठवलं की नाथपंथी योगी कान फाडत ते याचसाठी. आष्टी तालुक्यात मायंब्याला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. तिथल्या कुणाही जाणत्याला विचारा. कानातली मुद्रा ही दीक्षेची खूण. तिला बीपीचं यंत्र ठरवलं की धर्माचाही अपमान आणि वैद्यकाचाही.

सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग 2014 चा. त्यात मूत्रपिंडाच्या धमनीभोवतीच्या नसा आतून नळी घालून उष्णतेनं निकामी करायच्या होत्या. दाद न देणाऱ्या दाबाचे 535 रुग्ण घेतले. काहींवर उपचार झाला. काहींची नुसती धमनीची तपासणी झाली, आणि आपल्याला काय मिळालं हे रुग्णाला कळू दिलं नाही. सहा महिन्यांनी उपचार झालेल्यांचा वरचा दाब सरासरी 14 नं उतरला होता. न झालेल्यांचाही जवळजवळ 12 नं उतरला. म्हणजे उपचाराचा म्हणून जो वाटा उरला, तो दोन-अडीच अंकांचा. पुढं यंत्रं सुधारली, नवे प्रयोग झाले आणि 2023 मध्ये अमेरिकेनं अशा दोन उपकरणांना मान्यता दिली, ती गोष्ट वेगळी. माझं डोकं अडकलं ते त्या बारा अंकांत.

महाराज यावर नक्की म्हणतील, "बघा, श्रद्धा!" मी तेवढं म्हणणार नाही. कुणीतरी लक्ष ठेवून आहे म्हटल्यावर माणसं गोळ्या नेमानं घेतात. फार चढलेला आकडा पुढच्या वेळी आपसूक थोडा खाली येतो. थोडी आशाही काम करते. यांतलं किती कशाचं, ते वेगळं काढता येत नाही. आणि नेमकं हेच मला गीतेच्या अठराव्या अध्यायाकडे घेऊन गेलं.

तिथं कोणत्याही कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. ज्ञानेश्वरांनी या पाचांचा सविस्तर उलगडा केला आहे. लगेच पुढं गीता सांगते की असं असताना जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. हा श्लोक अहंकार तोडायला वापरतात. माझ्या मते तो अपराधीपणा तोडायलाही तितकाच कामाचा आहे. "मीच केलं" हा जसा भ्रम, तसा "माझ्यामुळंच झालं" हाही भ्रमच. माझ्या आकड्यात अधिष्ठान म्हणजे हा देह: बापाकडून आलेल्या धमन्या, वयानं ताठरलेल्या भिंती. करणं म्हणजे नसा, गोळ्या, उद्या कदाचित एखादं यंत्र. चेष्टा म्हणजे मी करतो ती खटपट. कर्ता म्हणून माझा वाटा पाचांतला एक. आणि गंमत अशी, की गीता दैव पाचवं मोजते, आपण ते पहिलं मोजतो.

एक वाटा म्हणजे सुटका मात्र नव्हे. तो वाटा पुरता द्यावा लागतो. पोर्तुगालमध्ये माझ्यासारख्याच हट्टी दाबाच्या रुग्णांना 12 आठवडे नेमानं चालायला आणि सायकल मारायला लावलं, तर व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा चोवीस तासांचा वरचा दाब सरासरी 7 नं उतरला. तो निष्कर्ष 2021 चा. 2023 मध्ये 270 प्रयोग एकत्र पडताळले, त्यांत स्नायू न हलवता नुसता ताणून धरण्याचे व्यायाम सगळ्यांत सरस ठरले. तिथं घट आठ अंकांच्या आसपास होती. ती माणसं सगळी माझ्या जातीच्या दाबाची नव्हती, तरी डॉक्टरांना विचारून मी पंजाचा व्यायाम धरला. स्प्रिंगची मूठ, पूर्ण जोराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा दाब, दोन मिनिटं; मग विसावा; असं चारदा. पहिलं मिनिट पोरखेळ वाटतं. दुसऱ्यात करंगळी आधी सुटू पाहते, मग मनगटापासून कोपरापर्यंत कंप चढतो आणि श्वास आपोआप कोंडतो. तो कोंडू द्यायचा नाही, हीच त्यातली खरी मेहनत. हरिपाठाला टाळ धरणारा हात तोच. पण इथं ताल नाही, नुसतं धरून राहणं आहे.

पण व्यायामाचा हा उपदेश मी धारूरच्या नाहीतर वडवणीच्या तांड्यावर जाऊन कसा करू? दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फड, डोक्यावर मोळी, फळीवरून ट्रकवर चढणं, रात्री कोपीत भाकरी-ठेचा. दवाखान्यासाठी एक दिवस बुडाला तर खाडा, आणि तो उचलीतून कापला जातो. गोळ्या संपल्या की संपल्या. अशा बाईला "हालचाल वाढवा" म्हणणं हा विनोद आहे. कोपेनहेगनच्या लाखावर लोकांच्या पाहणीतून 2021 मध्ये दिसलं की फावल्या वेळातल्या व्यायामानं हृदयविकाराचा धोका कमी असतो, तर कामातल्या अंगमेहनतीनं तो वाढलेला असतो. व्यायामानंतर विसावा असतो. मोळीनंतर दुसरी मोळी असते. त्या बाईच्या आकड्यातला कर्त्याचा वाटा पाचवा हिस्साही नाही. मुकादम, कारखाना, सरकार आणि स्वस्त साखर खाणारे आपण, सगळे त्यात आहोत. तिच्या बाबतीत दैव हा शब्द आपण आपला वाटा झाकायला वापरतो.

आता महाराजांचा प्रश्न. मुंबईच्या डॉ. के. के. दाते यांनी 1969 मध्ये 47 रुग्णांना शवासन शिकवून दाबावर काय होतं ते प्रसिद्ध केलं. त्यांत औषधं घेऊनही दाब आटोक्यात न आलेल्यांचा एक गट होता. बऱ्याच जणांचं औषध कमी करता आलं, सगळ्यांचं नाही. मग ज्यांचं झालं नाही, ते कमी शांत होते का? तसं म्हणायला आधार नाही. दाब आणि शांती ही दोन खाती आहेत. लबाड माणसाचं बीपी 120/80 असू शकतं आणि आयुष्यभर वारी केलेल्याचं 180. विजेनं दाब उतरेल, त्यानं माणूस साधू होणार नाही. नामानं माणूस निवेल, त्यानं किडनी वाचेलच असं नाही. बटणानं शांती येत नाही हे महाराजांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. बटणाकडून मी ती मागितलीच नव्हती. मला पक्षाघात टाळायचा आहे.

हे सगळं त्यांना सांगितलं आणि एक विनंती केली. तुमच्या कीर्तनाला गावातली निम्मी बीपीची माणसं बसलेली असतात. त्यांना सांगा, गोळी चुकवू नका, मीठ आवरा, आपला वाटा द्या. आणि एवढं करून आकडा हलला नाही तर स्वतःला पापी समजू नका. भारतात 20 कोटींवर लोकांना हा विकार आहे आणि बहुतेकांचा दाब आटोक्यात नाही. एवढी माणसं एकाच वेळी स्वभावानं वाईट असणं शक्य नाही.

महाराज हसले. म्हणाले, "अण्णा, निरूपणाला पाच कारणं घेतो. पण दैवाला इतकं मागं बसवलं, तर लोक बिदागी कशावर देतील?"