घरच्या डॉक्टरचे मोल

मनुष्य आजारी पडला असता त्याच्या देहाची वाटणी अनेक जाणत्यांत करावी, की प्रथम तो सगळाच एकाच्या स्वाधीन करावा, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही; तो नीतीचाही आहे. विशेषज्ञांची योग्यता कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. हृदयाची निकामी झडप बदलण्याची विद्या एकाच विषयात आयुष्य वेचल्यावाचून साध्य होत नाही. परंतु ज्ञान जसजसे खोल जाते तसतसे त्याचे क्षेत्र आकुंचित होते, आणि त्या क्षेत्राबाहेरचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न मागे उरतो.

समजा, सत्तरीच्या एका वृद्धेला हृदयाच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी दिली आणि हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी वेदनाशामक दिले. आपापल्या जागी दोघेही बरोबर. पण अशा वेदनाशामकांपैकी पुष्कळांनी रक्तदाब चढू शकतो, आणि दोन्ही औषधे मिळून मूत्रपिंडांना अपाय होण्याचा संभव असतो. कोणाच्याही कागदात ठळक चूक नाही, तरी वृद्धेचे अहित होते. येथे उणीव विद्येची नाही. ‘हा रोगी माझा’ असे म्हणणारा कोणी नाही, ही उणीव आहे. तसे म्हणणारा तो घरचा डॉक्टर. कुळाच्या पुरोहिताला जसे घराचे गोत्र ठाऊक असते, तशी त्याला घरातील दुखणी, खोडी आणि ऐपतही ठाऊक असते.

त्याला सर्व शास्त्रांत पारंगत असण्याची अट कायदाही घालीत नाही. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डॉक्टरची पारख त्या व्यवसायातील सर्वसाधारण कुशल माणसाच्या मापाने करावी, सर्वश्रेष्ठ तज्ज्ञाच्या मापाने नव्हे. आपली सीमा ओळखून रोग्याला वेळीच योग्य ठिकाणी धाडणे हेही कौशल्यच आहे. दावा लावू नका, असे सांगणाऱ्या वकिलाचे मोल अशिलाला सहसा उमगत नाही. तेच या डॉक्टरचे. टळलेल्या शस्त्रक्रियेची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.

वेल्समधील ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावी डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी अनेक वर्षे सामान्य डॉक्टरकी केली. तक्रार घेऊन न आलेल्या गावकऱ्यांचाही रक्तदाब मोजून त्यांनी तो आटोक्यात ठेवण्याचा उद्योग चालविला. चांगल्या वैद्यकसेवेची गरज जेथे अधिक, तेथे ती कमी मिळते, हा त्यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’ नियतकालिकात मांडलेला सिद्धांत प्रसिद्ध आहे. पण ज्याला पक्षाघात झालाच नाही, तो आभार मानण्यास येत नाही.

आपल्या देशात १९४६ साली भोर समितीनेही समाजाच्या आरोग्याची जाण असलेल्या पायाभूत डॉक्टरवरच भिस्त ठेवली होती. आज मात्र नुसता एम. बी. बी. एस. म्हणजे शिक्षण अर्धवट राहिलेला, अशी समजूत रूढ झाली आहे. तिचा दोष सर्वस्वी तरुण डॉक्टरांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पोट दुखताच थेट मोठ्या पाटीकडे धावणारे आपणच आहोत. यंत्राच्या तपासणीला हजारो रुपये बिनतक्रार मोजणारे आपण, अर्धा तास बोलणे ऐकून घेऊन ‘औषधाची गरज नाही’ असे सांगणाऱ्याची फी देताना हात आखडतो. समाज ज्याला मान व मोबदला देतो, तेच त्याच्या वाट्याला येते. म्हणून वाचकांना आमचे एवढेच सांगणे आहे: सर्व कागद एका ठिकाणी पाहील असा एक डॉक्टर घराला असू द्या, आणि त्याने काही न देता परत पाठविले, तर त्या दिवशीची फी अधिक आनंदाने द्या.