अहरोन आणि हूर कुठे आहेत?

सामान्यकाळातील २९ वा रविवार (निर्गम १७:८-१३, लूक १८:१-८)



आजच्या पहिल्या वाचनात मोशे टेकडीच्या माथ्यावर उभा आहे. खाली यहोशवा अमालेकी लोकांशी लढतो आहे. मोशेचे हात वर असतात तोवर इस्राएलची सरशी होते. हात खाली आले की शत्रूची. मोशे देवाचा माणूस खरा, पण हात हाडामांसाचेच. ते भरून आले. धर्मग्रंथाने हे लपवलेले नाही, आणि मोशेची श्रद्धा कमी पडली असेही म्हटलेले नाही.

असे भरून आलेले हात आपल्या धर्मग्रामातही आहेत. कुठे सेरेब्रल पाल्सी झालेला मुलगा आहे, कुठे स्नायू झिजत चाललेला, कुठे पुन्हापुन्हा फिट येणारी मुलगी. ज्या मुलाला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याची कूस दर दोनेक तासांनी बदलावी लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना नीट बसते धरावे लागते, कारण घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेली असेल तर तिच्यातला कफ यंत्राने ओढून काढावा लागतो, मध्यरात्रीसुद्धा. इस्पितळात हे काम तीन पाळ्यांत वाटलेले असते. घरी बहुधा एकच बाई तिन्ही पाळ्या करते आणि तिला रजा नसते.

आपण मात्र विचारतो, “ती हल्ली मिस्साला का दिसत नाही?”

आजच्या स्तोत्रातला देव कधी झोपत नाही. आई देव नव्हे. तिला झोप लागते आणि लागलीच पाहिजे. पण असे बोलायची तिला लाज वाटते. कारण कोणीतरी तिला सांगून ठेवलेले असते की हा तुझा क्रूस आहे, निमूटपणे वाहा. याहून वाईट म्हणजे कोणाच्या पापाची ही शिक्षा, अशी कुजबुज. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा प्रभू येशूने तो साफ नाकारला (योहान ९). आणि क्रूस म्हणाल, तर प्रभूच्या वाटेवरसुद्धा शिमोन कुरेनेकराचा खांदा लागला.

आता अहरोन आणि हूर यांनी काय केले ते पाहा. त्यांनी मोशेला उपदेश केला नाही. आधी एक धोंडा आणून त्याला बसवले. मग एकाने एक हात धरला, दुसऱ्याने दुसरा. मोशेची जागा त्यांनी घेतली नाही. हात मोशेचेच राहिले. आणि ते धरून राहिले सूर्य मावळेपर्यंत. आपण आजाऱ्याला भेटायला जातो ते फळांची पिशवी घेऊन. पाऊण तास बसतो, सगळा इतिहास विचारतो, आणि त्या थकलेल्या माउलीनेच केलेला चहा पिऊन घरी येतो!

आजाऱ्या मुलाच्या घराला थोडी उसंत मिळवून देणे ही मोठी सेवा आहे. १९७८ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथील एका अँग्लिकन धर्मभगिनीची ओळख हेलन नावाच्या चिमुरडीशी झाली. मेंदूतील गाठीमुळे ती परावलंबी झाली होती. आईवडिलांनी तिला घरीच सांभाळायचे ठरवले. त्यांना विश्रांती मिळावी म्हणून ती सिस्टर अधूनमधून हेलनला आपल्याकडे ठेवून घेई. त्या मैत्रीतून १९८२ साली ‘हेलन हाउस’ उभे राहिले. लहान मुलांसाठीचे जगातील पहिले हॉस्पिस. आपल्या देशात केरळने दुसरी वाट दाखवली. तिथे गावातलेच स्वयंसेवक प्रशिक्षण घेतात आणि परिचारिकेबरोबर घरोघरी जातात. २००८ साली राज्य सरकारने त्यासाठी धोरणही जाहीर केले.

आपल्याला इमारत बांधायची नाही. आठवड्यातून तीन तास पुरे. नळीने भरवणे, कफ काढणे, फिट आल्यास औषध देणे, ही कामे मात्र शिकलेल्या हातांचीच. हौसेने कोणी करू नयेत. परिचारिका मुलापाशी बसली तर आई झोपेल, केस धुवेल, किंवा नुसती ओट्यावर बसेल. त्या वेळात तिने काय केले हे आपण विचारू नये. बाकीच्यांनाही काम आहे: धाकट्या भावंडाचा अभ्यास घेणे, औषधे आणणे, रात्रीच्या जेवणाचा डबा पोहोचवणे. त्या भावंडाकडे तर बहुतेकदा कोणाचे लक्षच नसते.

शुभवर्तमानातली विधवा न्यायाधीशाचे दार ठोठावत राहिली. आपल्या या माउल्या दार ठोठावत नाहीत. तेवढीही सवड त्यांना नाही. तेव्हा जायचे आपणच. पण आधी विचारून, त्यांच्या सोयीच्या वेळी, आणि दर आठवड्याला तेच माणूस, म्हणजे मूल ओळखू लागेल.

हा जपमाळेचा महिना आहे. रोझरीसाठी आपण घरोघरी जातोच. ज्या घरी असे मूल आहे, तिथे प्रार्थना झाल्यावर एकाने मागे थांबावे. धर्मग्रामातील नोकरीतल्या व निवृत्त परिचारिकांनी आज दुसऱ्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीपाशी भेटावे. कोण कोणत्या वारी जाणार, ते तिथेच ठरवू.