न आलेल्या पुराचा खर्च



कुठे भूकंप झाला, कुठे पूर आला, की चर्चच्या दारात दानपेटी येते. मिस्सा संपवून बाहेर पडताना आपण खिशात हात घालतो. कुणी तांदूळ आणून देतो, कुणी चादरी, कुणी मुलांचे कपडे. ही आपली चांगली सवय आहे आणि ती टिकली पाहिजे. पण मला एक सांगा, "पुढेमागे पूर आला तर एक बोट हवी, तिच्यासाठी मदत करा" अशी पाटी लावलेली पेटी आपल्यापैकी कुणी पाहिली आहे का? आणि उद्या कुणी ती ठेवलीच, तर तिच्यात किती पडेल?

हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो, पण तो नीतीचा आहे. ज्याचे घर पाण्यात गेले त्याला हात देणे हे कर्तव्य, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्याचे घर अजून कोरडे आहे, ज्याचे नाव-गाव आपल्याला ठाऊक नाही, जो कदाचित अजून जन्मालाही आलेला नाही, त्याच्यासाठी आज पैसा बाजूला काढणे हे कर्तव्य आहे की नुसता शहाणपणा? शहाणपणा असेल, तर तो न करणारा फार तर वेडा ठरेल. कर्तव्य असेल, तर मात्र तो दोषी ठरेल. या दोहोंत मोठे अंतर आहे.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. तिथली पावसाळी पाण्याची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल या हिशेबाने बांधलेली होती. ती अपुरी आहेत हे काही २००५ साली कळले नाही. १९९३ सालीच तज्ज्ञांनी महापालिकेला मोठा अहवाल दिला होता. "ब्रिमस्टोवॅड" या नावाने तो ओळखला जातो. गटारांची क्षमता दुप्पट करा, म्हणजे तासाला ५० मिलिमीटर, आणि समुद्राला भरती असताना पाणी बाहेर फेकणारी उदंचन केंद्रे बांधा, असे त्यात सांगितले होते. खर्चाचा अंदाज सुमारे ६१६ कोटी रुपये होता. रक्कम मोठी, तिजोरी लहान. बारा वर्षे त्यातले फारच थोडे काम झाले.

मग २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. इतका पाऊस ५० मिलिमीटरच्या गटारांनाही झेपला नसता हे खरे आहे, म्हणून सगळे खापर त्या रखडलेल्या कामावर फोडणे योग्य नाही. पण पाणी चढले किती आणि तुंबून राहिले किती वेळ, यात गटारांचा वाटा होताच. राज्यात हजारावर माणसे दगावली. त्यानंतर २००७ साली केंद्र सरकारने त्याच योजनेसाठी सुमारे १२०० कोटी रुपये मंजूर केले. योजना तीच, शहर तेच, खर्च जवळपास दुप्पट. मधल्या काळात वाढली होती ती मृतांची यादी.

हे फक्त मुंबईतच घडले असे समजू नका. त्याच २००५ सालाच्या अखेरीस आपल्या संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय प्राधिकरण, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याचे, अशी रचना त्यात आहे. कायद्याने पैशाचेही दोन डबे सांगितले. एक आपत्ती आल्यावर उघडायचा, दुसरा ती येण्याआधी तिचा जोर कमी करण्यासाठी. पहिला डबा आधी चालू झाला. दुसरा, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधी, प्रत्यक्षात आला तो २०२१ साली. सोळा वर्षांनी! पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्तीनिधीची वाटणी करून दिली, तेव्हा कुठे शंभरातले वीस रुपये आधीच्या कामासाठी वेगळे निघाले.

एवढा उशीर का झाला? पुढाऱ्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २००९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला, तो वाचल्यावर आपलीच मान खाली जाते. तिथल्या निवडणुकांचा आणि आपत्तीखर्चाचा त्यांनी ताळा घेतला. आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्या सरकारला लोक मते देतात, आपत्तीआधी तयारीवर खर्च करणाऱ्याला देत नाहीत, असे त्यांना आढळले. तयारीवरचा एक डॉलर पुढचे साधारण पंधरा डॉलरचे नुकसान वाचवतो, असाही त्यांचा अंदाज आहे. म्हणजे पुढाऱ्याने भिंत बांधावी असे आपण म्हणतो, पण हार घालतो तो पाकिटे वाटणाऱ्याला. आपल्याकडे वेगळे आहे असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

यात एक खोल अडचण आहे. मदतीला चेहरा असतो. छपरावर बसलेली म्हातारी, कडेवर मूल घेतलेली आई आपण वर्तमानपत्रात पाहतो आणि मन हेलावते. जो वाचला, त्याला मात्र आपण वाचलो हे कळतच नाही. बांध फुटला नाही म्हणून कुणी पेढे वाटत नाही. तयारी यशस्वी झाली की ती दिसेनाशी होते, आणि मग लोक विचारतात, "एवढा पैसा घातला, पूर तर आलाच नाही!"

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. कुणी म्हणेल, "अहो, आज सरकारी दवाखान्यात औषध नाही, शाळेचे छप्पर गळते आहे. वीस वर्षांनी येईल की नाही अशा पुरासाठी आजच्या आजाऱ्याच्या तोंडचा घास काढायचा?" माझ्या मते हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. उद्याच्या अनोळखी माणसाचा हक्क आजच्या ओळखीच्या गरिबापेक्षा मोठा आहे असे मी म्हणणार नाही.

पण ओडिशाने यातून एक वाट काढली. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर त्या राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण उभे केले आणि किनाऱ्यावर चक्रीवादळ निवारे बांधत नेले. त्यांतल्या अनेक इमारतींत एरवी शाळा भरते. वादळाच्या दिवशी तीच इमारत आसरा होते. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन वादळ गोपाळपूरजवळ धडकले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले होते. बळींचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. तिथे आजच्या मुलाचा वर्ग आणि उद्याच्या अनोळखी माणसाचा जीव यांत निवड करावी लागली नाही. सगळीकडे असे जमेल असे नाही, परंतु प्रयत्न न करताच "पैसा नाही" म्हणणे मात्र पटत नाही.

पैशाइतकाच अवघड दुसरा भाग आहे हद्दींचा. पावसाला हद्द नसते. २६ जुलैला सांताक्रूझ बुडत होते, तेव्हा कुलाब्याला दिवसभरात ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता. एकाच शहरात ही गत, तर शेजारच्या दोन गावांचे काय सांगावे? मिठी नदी विहार तलावापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम अठरा किलोमीटर वाहते. तेवढ्यात तिला महापालिका भेटते, विमानतळ भेटतो, रेल्वे भेटते, वांद्रे-कुर्ला संकुल भेटते. ज्याने त्याने आपल्यापुरती जागा घेतली, भराव टाकला, नदीला वळवले. संपूर्ण नदीचा विचार करणे हे कुणा एकाचे काम नव्हते. महापुरानंतर तरी शहाणे व्हावे, तर साफसफाईसाठीही तिचे दोन तुकडे झाले. वरचे सुमारे बारा किलोमीटर महापालिकेकडे आणि खालचे सहा एमएमआरडीएकडे. नदी एक, धनी दोन.

आपल्या वसईला याचा अनुभव १० जुलै २०१८ च्या सुमारास आला. नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, गाड्या जागीच थांबल्या, वीज गेली. अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले. रूळ रेल्वेचे, आजूबाजूचे नाले पालिकेचे, वीज महावितरणची, बोटी केंद्राच्या दलाच्या. प्रत्येकाचे अंदाजपत्रक वेगळे आणि साहेबही वेगळा. पाणी मात्र एकच होते.

या ठिकाणी मला दहा कुमारींचा दाखला आठवतो. त्यातल्या पाच शहाण्या कुमारींनी आपले तेल द्यायला नकार दिला, हे लहानपणी मला फार खटकायचे. शेजाऱ्यावर प्रीती करा असे शिकवणाऱ्या शुभवर्तमानात हा कंजूषपणा कशाला? आता वाटते, त्या कंजूष नव्हत्या. मध्यरात्री एका दिव्याचे तेल दोन दिव्यांत ओतले, तर वाटेत दोन्ही विझतील. एका शहराकडे दोनच बोटी आहेत आणि पाणी एकाच रात्री दोन्ही शहरांत शिरले, तर शेजाऱ्याला बोट देणे हे औदार्य की आपल्या लोकांशी बेइमानी? त्या घटकेला या प्रश्नाला चांगले उत्तर नसते. चांगले उत्तर असते ते संध्याकाळी, दुकाने उघडी असताना. चार गावांनी मिळून आठ बोटी घ्याव्यात, चार अग्निशमन दलांनी एकत्र सराव करावा, कुणाची बोट केव्हा कुठे जाईल हे कागदावर लिहून ठेवावे. महाराष्ट्रात २०२१ पासून पोलीस, आग, रुग्णवाहिका यांसाठी ११२ हा एक नंबर आहे. त्या एका नंबरमागे सगळ्यांचे एकत्र नियोजन आणि सामायिक पैसा असेल तरच तो फोन उचलण्याला अर्थ आहे.

सामायिक तिजोरी म्हटली की आणखी एक भीती येते. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशाच्या पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला. (शंभरातले वीस! वित्त आयोगाचे आकडे वाचताना मला हे आठवून हसू आले.) त्याच्या दूरदृष्टीचे आपण कौतुक करतो. पण पुढचे प्रकरण आपण सहसा वाचत नाही. दुष्काळ पडल्यावर त्याच लोकांना धान्यासाठी आधी पैसा, मग गुरे, मग जमिनी आणि शेवटी स्वतःला फारोच्या हवाली करावे लागले. साठवण शहाणपणाची होती, पण किल्ली कुणाकडे होती? २००५ नंतर मिठीचे पात्र रुंद करताना काठावरच्या हजारो झोपड्या हलवल्या गेल्या. शहर सुरक्षित व्हायलाच हवे होते. परंतु त्या सुरक्षिततेची किंमत आधी ज्यांनी मोजली, त्यांच्याकडे मोजण्यासारखे सर्वांत कमी होते. तेव्हा तयारीचा निधी कुणाच्या खिशातून येतो आणि कुणाच्या दारावर खर्च होतो, हे विचारणे म्हणजे तयारीला विरोध करणे नव्हे.

इथपर्यंत सगळे बोट सरकारकडे होते. आता थोडे आपल्या वाडीत येऊ.

आपल्या पूर्वजांनी वसईच्या पश्चिम पट्ट्यात जागोजागी बावखले खणली. ती बागायतीला पाणी देत, विहिरी जिवंत ठेवत आणि पावसाळ्यात आळीचे पाणी पोटात घेत. त्यासाठी कुठल्या आयोगाने निधी दिला नव्हता. २०१८ च्या पुरानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई या संस्थांकडून अभ्यास करून घेतला, त्यात पावसाचे पाणी साठवून धरणारे तलाव करण्याची शिफारस आहे. वाचून गंमत वाटली आणि लाजही वाटली. जे आपण बुजवले, तेच आता कोट्यवधी रुपये घालून खणायचे! बावखले काही परक्यांनी येऊन बुजवली नाहीत. जमिनीला भाव आला, मुलाला घर हवे होते, कुणाला हॉल बांधायचा होता, रॅबिटचे चार ट्रक आले आणि काम झाले.

मी कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. घर बांधणे हे पाप नाही, आणि स्वतःच्या जागेत भराव टाकणाऱ्याला शेजारच्या आळीत चढणारे पाणी दिसत नाही. पण आजही एखाद्या कुटुंबाने आपले बावखल तसेच ठेवलेले असते. बिल्डर येऊन गेलेला असतो, भावाभावांत बोलणे झालेले असते, तरीही ते विकलेले नसते. त्या खड्ड्यामुळे पावसाळ्यात पूर्ण आळीच्या घरांत पाणी शिरत नाही. ते कुटुंब मात्र लाखो रुपयांवर पाणी सोडून बसलेले असते, वर डास होतात म्हणून शेजाऱ्यांची बोलणी खाते. आळीतल्या कोरड्या घरांनी त्या कुटुंबाचे काही देणे लागते की नाही? लागत असेल, तर ते कुणी, कधी आणि किती द्यायचे?