ज्या विश्वासात सोंग नाही
आजचं वचन: २ तीमथ्य १:५
सोबत वाचा: मत्तय ५:२३-२४



आज आईला प्रभूकडे जाऊन एक वर्ष झालं, म्हणून हे वचन घेतलं आहे. पौल तुरुंगात आहे. आपला शेवट जवळ आलाय हे त्याला कळलंय. अशा वेळी तरुण तीमथ्याला पत्र लिहिताना त्याला दोन बायका आठवतात. तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके. अख्ख्या बायबलमध्ये त्यांची नावं फक्त या एका वचनात येतात. त्यांनी कुठे उपदेश केला, काही मोठं काम केलं, असं काही लिहिलेलं नाही. पौल एवढंच सांगतो की त्यांचा विश्वास निष्कपट होता. मूळ ग्रीक शब्दाच्या मुळाशी नाटकातल्या नटासाठी असलेला शब्द आहे. निष्कपट म्हणजे ज्यात सोंग नाही असा.

माझी आई नर्स होती. शनिवारची नाइट ड्यूटी संपवून सकाळी घरी यायची, तोंडावर पाणी मारायची, साडी बदलायची आणि आम्हा दोघा भावांना घेऊन नगरच्या आमच्या चर्चमध्ये वेळेवर हजर. हातात 'उपासना संगीत'ची जुनी प्रत. गीतं खणखणीत म्हणायची आणि पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला की हमखास डुलकी! मला फार लाज वाटायची. मी म्हणायचो, "आई, झोपायचंच आहे तर घरीच झोप ना." ती म्हणायची, "घरी झोपले तर नुसती झोप होते रे. इथे त्याच्या पायाशी असते."

पण आईचा विश्वास मला खरा दिसला तो एका प्रभुभोजनाच्या रविवारी. मी सात-आठ वर्षांचा असेन. आजी गेल्यावर तिच्या तांब्याच्या घंगाळावरून आई आणि मोठी काकू यांच्यात भांडण झालं होतं. कित्येक महिने बोलणं बंद. त्या दिवशी भाकर वाटायच्या आधीचं गीत चालू होतं. आई मध्येच उठली. चार बाक पुढे काकू बसली होती, तिथे जाऊन वाकली आणि म्हणाली, "अक्का, माझं चुकलं. घंगाळ तुमच्याकडेच राहू द्या." लोक बघत होते. काकूनं तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

आई परत येऊन बसली. मी विचारलं, "काकू काही बोलली नाही?" आई म्हणाली, "मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. तिचं ती आणि प्रभू बघतील." मग तिनं भाकर घेतली.

काकूला बोलायला पुढे बरेच महिने लागले. पण आईच्या शेवटच्या आजारात रोज डब्यात पेज घेऊन येणारी तीच होती.

आता माझं सांगतो. आई गेल्यावर घराच्या कागदांवरून दादाशी माझा वाद झाला. आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. या आठ महिन्यांत मी रोज सकाळी तुमच्यासाठी वचनावर मनन लिहिलं. क्षमेवरही लिहिलं. प्रियांनो, यालाच सोंग म्हणतात.

आईचं बायबल माझ्याकडे आहे. मला वाटायचं, तिचा वारसा म्हणजे हेच. पण पौलाचं वचन नीट वाचा. तो विश्वास आधी आजीत होता, मग आईत होता, आणि आता तुझ्यातही आहे अशी माझी खात्री आहे, असं तो तीमथ्याला सांगतो. बायबल कपाटात ठेवता येतं, विश्वास ठेवता येत नाही. तो आपल्यात राहायला यावा लागतो. माझ्याबद्दल आज कुणी तशी खात्री देईल का?

येशू सांगतो की अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर. म्हणून आज लिहायला बसण्याआधी दादाला फोन लावला. त्यानं उचलला नाही. मेसेज टाकला, "दादा, माझं चुकलं. संध्याकाळी परत करतो." उत्तर अजून आलेलं नाही. पण काकूनंही त्या दिवशी मान वळवली नव्हती.

तुमच्याही मोबाइलमध्ये असा एखादा नंबर असेल. आजचं मनन इथेच थांबवा आणि तो लावा.

प्रार्थना: प्रभू, आमच्या आयांसाठी तुझे आभार. त्यांच्या आठवणी नुसत्या सांगत बसण्यापासून आम्हाला राख. जो विश्वास तू त्यांच्यात वसवलास, तो आमच्यातही वसव, आणि आमच्यातलं सोंग काढून टाक. येशूच्या नावात मागतो. आमेन.